हेन्री मॉर्गेंथाऊ : व्यापाऱ्याची पत राजदूताच्या कामी कशी आली

आपण विचारले आहे की, धंद्यात भरपूर पैसा मिळवलेला माणूस राजदूत झाला आणि पुढे दानशूर म्हणून नावाजला गेला, तर धंद्यातल्या अनुभवाचा त्याला या दोन्ही कामांत खरोखर उपयोग होतो का, की पैशाच्या बळावर पद आणि पदाच्या बळावर कीर्ती एवढाच तो प्रवास असतो. मदत आणि पुनर्वसनाच्या क्षेत्रात मी बरीच वर्षे काम करतो आहे. निधी कसा उभा राहतो आणि तो माणसांपर्यंत कसा पोहोचतो, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. म्हणून ढोबळ उत्तर देण्यापेक्षा मी ज्यांच्या आयुष्याकडे पुन्हा पुन्हा वळतो, त्या हेन्री मॉर्गेंथाऊ यांच्याविषयी सविस्तर लिहितो. त्यांच्या मुलाचे नावही हेन्रीच होते आणि तो पुढे फ्रँकलिन रुझवेल्ट यांचा अर्थमंत्री झाला. येथे लिहितो आहे ते वडिलांविषयी, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात अमेरिकेचे राजदूत असलेल्या मॉर्गेंथाऊंविषयी.

त्यांचा जन्म १८५६ साली जर्मनीतील मानहाइम येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा सिगारचा कारखाना होता आणि त्यांचा बराचसा माल अमेरिकेत खपत असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेथील आयात जकात वाढली आणि हा भरभराटीचा धंदा बसला. १८६६ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आले, पण वडिलांचा जम तेथे पुन्हा कधी बसला नाही. हेन्री हुशार होते, तरी पैशाअभावी त्यांना सिटी कॉलेज अर्ध्यावर सोडावे लागले. पुढे काम करत करत त्यांनी कोलंबियामधून १८७७ मध्ये कायद्याची पदवी घेतली. भागीदारीत वकिली सुरू केल्यावर त्यांच्या लक्षात आले की, खरा पैसा जमिनीत आहे. न्यूयॉर्क शहर उत्तरेकडे सरकत होते, भुयारी रेल्वेची चर्चा चालू होती आणि ती रेल्वे जेथे पोहोचेल तेथील माळरानाला सोन्याचे मोल येणार हे दिसत होते. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला आणि ब्राँक्समध्ये त्यांनी जमिनी घेतल्या, भूखंड पाडून विकले, १८९९ मध्ये जमीनजुमल्याच्या व्यवहारांसाठी मोठी वित्तकंपनी उभारली आणि १९०५ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. वयाच्या पंचावन्नाच्या सुमारास, आता यापुढे पैसा मिळवायचा नाही, असे त्यांनी ठरवले. १९११ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी जोसेफिन यांनी ब्राँक्समधील स्थलांतरित वस्तीसाठी 'ब्राँक्स हाउस' ही संस्था सुरू केली. त्याच वर्षी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा कारखान्यांतील सुरक्षिततेसाठी नेमलेल्या नागरिकांच्या समितीतही ते होते.

येथवरची कथा अनेक श्रीमंतांची असते. राजदूतपदही त्यांना ज्या वाटेने मिळाले ती वाट फारशी उदात्त नव्हती, आणि आपल्या प्रश्नातली शंका या टप्प्यापुरती रास्तच आहे. १९१२ च्या निवडणुकीत ते वुड्रो विल्सन यांच्या प्रचाराच्या अर्थसमितीचे अध्यक्ष होते. विल्सन निवडून आल्यावर त्यांना मंत्रिमंडळात स्थान हवे होते. देऊ केले गेले ते कॉन्स्टँटिनोपलचे, म्हणजे ऑटोमन राजधानीतले (आजचे इस्तंबूल), राजदूतपद. त्या जागी ज्यू गृहस्थाला पाठवण्याची प्रथाच पडून गेली होती आणि याच गोष्टीचा मॉर्गेंथाऊंना राग आला. जणू ज्यू नागरिकांसाठी सरकारदरबारी एवढी एकच खुर्ची राखून ठेवली आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी आधी नकार दिला. पॅलेस्टाइनचा दौरा करून परतणारे त्यांचे स्नेही रब्बाय स्टीफन वाइझ यांनी त्यांचे मन वळवले आणि १९१३ च्या अखेरीस ते कॉन्स्टँटिनोपलला पोहोचले. परराष्ट्र व्यवहाराचा अनुभव त्यांच्या गाठीशी मुळीच नव्हता.

ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटले. पॅलेस्टाइनमधील ज्यू वस्ती युरोपातून येणाऱ्या देणग्यांवर आणि फळांच्या निर्यातीवर जगत होती. दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या. ३१ ऑगस्ट रोजी मॉर्गेंथाऊंनी न्यूयॉर्कचे सावकार जेकब शिफ यांना तार केली : पन्नास हजार डॉलरची तातडीने गरज आहे, आणि वाटपासाठी येथे जबाबदार समिती नेमता येईल. माझ्या क्षेत्रातील नव्या माणसांना मी ही तार नेहमी समजावून सांगतो. तीत नेमकी रक्कम आहे, ती कशासाठी हवी हे आहे, आणि ती कोणाच्या हाती पडेल हेही आहे. करुणेचे आवाहन करून रक्कम समोरच्यावर सोडून देणारी पत्रे आपल्याकडेही ढिगाने लिहिली जातात आणि त्यांना उत्तर येते ते सहानुभूतीचे. या तारेला उत्तर पैशाचे आले. अमेरिकन ज्यूइश कमिटीने पंचवीस हजार दिले, शिफ यांनी स्वतः साडेबारा हजार दिले आणि उरलेले साडेबारा हजार झायोनिस्ट समितीकडून, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंची मातृभूमी व्हावी असे मानणाऱ्यांकडून, आले. ती रक्कम सोन्याच्या रूपाने अमेरिकी युद्धनौकेवरून याफा बंदरात आली. ती पोहोचवण्याचे काम मॉर्गेंथाऊ यांचे जावई मॉरिस वर्थाइम यांनी केले. याच प्रयत्नातून नोव्हेंबर १९१४ मध्ये 'जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी' उभी राहिली. ही संस्था आजही काम करते आहे.

युद्धात ऑटोमन साम्राज्य जर्मनीच्या बाजूने उतरले, तेव्हा अमेरिका तटस्थ होती आणि म्हणून ब्रिटन, फ्रान्ससह अनेक शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांची जबाबदारी अमेरिकी दूतावासाकडे आली. या काळात धंद्यातली घासाघीस एकदा फार चांगली कामी आली. मे १९१५ मध्ये युद्धमंत्री एन्व्हर यांनी, गॅलिपोली द्वीपकल्पावरील ब्रिटिश-फ्रेंच गोळामारीला उत्तर म्हणून कॉन्स्टँटिनोपलमधील इंग्रज आणि फ्रेंच नागरिकांना त्या किनाऱ्यावर नेऊन ठेवण्याचे ठरवले. मॉर्गेंथाऊंनी बोलणी करत संख्या पन्नासावर आणली, त्यांत तरुणांनाच घ्यावे असे मान्य करून घेतले, आणि दूतावासातील आपले सहकारी हॉफमन फिलिप यांना त्यांच्यासोबत पाठवले. काही दिवसांत सगळे सुखरूप परत आले.

आर्मेनियन लोकांच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही घासाघीस चालली नाही. २४ एप्रिल १९१५ रोजी राजधानीतील आर्मेनियन लेखक, वकील, पुढारी यांची धरपकड सुरू झाली आणि त्यानंतर अनातोलियाच्या गावागावांतून आर्मेनियन कुटुंबांना सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलणे सुरू झाले. खारपूतहून कॉन्सल लेस्ली डेव्हिस, अलेप्पोहून कॉन्सल जेसी जॅक्सन आणि ठिकठिकाणचे अमेरिकी मिशनरी जे पाहत होते ते दूतावासाला कळवत होते. तारांवर सरकारची नजर होती, म्हणून पुष्कळ बातम्या माणसांकरवी येत. सुरुवातीला मॉर्गेंथाऊंना हे युद्धकाळातले सुटेसुटे अत्याचार वाटले. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, एकमेकांशी संपर्क नसलेल्या माणसांकडून तेच वर्णन येऊ लागले तेव्हा त्यांनी अर्थ लावला, आणि १६ जुलै १९१५ रोजी वॉशिंग्टनला कळवले की, बंडाचा बदला घेण्याच्या निमित्ताखाली एका वंशाच्या उच्चाटनाची मोहीम चालू आहे. 'वंशसंहार' या अर्थाचा कायदेशीर शब्द घडायला अजून तीन दशके होती. मृतांच्या संख्येविषयी अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत दिले जातात. तुर्की सरकार आजही वंशसंहार हा शब्द मान्य करत नाही, तर अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२१ मध्ये तो अधिकृत निवेदनात वापरला.

गृहमंत्री तलात यांच्याशी त्यांच्या अनेक भेटी झाल्या. मॉर्गेंथाऊंनी सांगितलेला एक प्रसंग त्यांच्या मूळ व्यवसायाशी जोडलेला असल्यामुळे माझ्या मनात घर करून आहे. न्यूयॉर्क लाइफ आणि इक्विटेबल या अमेरिकी विमा कंपन्यांनी आर्मेनियन लोकांत बराच धंदा केला होता. तलात यांनी मॉर्गेंथाऊंमार्फत या कंपन्यांकडे आर्मेनियन विमाधारकांची संपूर्ण यादी मागितली. ती माणसे आता जवळपास सगळी मेली आहेत, वारस उरलेले नाहीत, तेव्हा पैसा सरकारजमा व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. मॉर्गेंथाऊ संतापून उठून गेले. वकिली आणि वित्तव्यवहार यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या मागणीतला कबुलीजबाब ताबडतोब वाचता आला. वारस उरलेले नाहीत हे एखाद्या सरकारला आधीच ठाऊक असते ते कसे, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. त्या पॉलिसींचा हिशेब पुढे किती लांबला पाहा : न्यूयॉर्क लाइफने आर्मेनियन वंशजांच्या दाव्यात २००४ मध्ये दोन कोटी डॉलरची तडजोड केली.

निषेधाचा परिणाम शून्य झाला. वॉशिंग्टनने पाठिंबा दिला तो शब्दांपुरता, कारण अमेरिका तटस्थ राहू इच्छित होती. व्यवसायाने मुत्सद्दी असलेला माणूस बहुधा येथे थांबला असता. त्याने आपले खलिते पाठवले होते, कर्तव्य पार पडले होते. मॉर्गेंथाऊंनी सप्टेंबरच्या प्रारंभी आणखी एक तार केली आणि तीत नावे दिली : क्लीव्हलंड डॉज, चार्ल्स क्रेन, जॉन मॉट, स्टीफन वाइझ. या मंडळींनी समिती करून निधी उभारावा. डॉज तांब्याच्या व्यापारातले बडे प्रस्थ आणि विल्सन यांचे जुने मित्र होते. क्रेन कारखानदार, मॉट ख्रिस्ती युवक चळवळीचे नेते आणि वाइझ ज्यू धर्मगुरू. न्यूयॉर्कमध्ये कोणाचा शब्द कुठे चालतो, कोण कोणाला नाही म्हणू शकत नाही, हे ज्ञान परराष्ट्र खात्याच्या कोणत्याही फायलीत नव्हते. ते त्यांच्याकडे होते, कारण त्यांनी तीस वर्षे त्याच लोकांशी सौदे केले होते. सप्टेंबरच्या मध्यास डॉज यांच्या कार्यालयात बैठक झाली आणि पहिल्याच बैठकीत साठ हजार डॉलर जमले. कार्यालयीन खर्च डॉज यांनी स्वतःच्या खिशातून करायचे कबूल केले, त्यामुळे दिलेला प्रत्येक डॉलर पीडितांपर्यंत जाईल असे देणगीदारांना सांगता येत होते. कॉन्स्टँटिनोपलमध्ये पैसा उतरवून घेऊन आतल्या प्रांतांत पाठवण्याचे काम अमेरिकी मिशनचे खजिनदार विल्यम पीट पाहत. वर्षानुवर्षे मिशनच्या शाळा आणि दवाखान्यांना पैसे पोहोचवत आलेल्या या माणसाची साखळी आयती तयार होती. निधीच्या कामात जी गोष्ट बाहेरच्यांना कधीच दिसत नाही, ती हीच. दाता मिळवणे हे निम्मे काम, आणि युद्धात बंद पडलेल्या मुलुखात रोख रक्कम विश्वासू हातात ठेवणे हे उरलेले निम्मे.

या समितीचेच पुढे 'नियर ईस्ट रिलीफ' झाले आणि १९१९ मध्ये तिला अमेरिकी काँग्रेसची सनद मिळाली. १९१५ ते १९३० या काळात तिने सुमारे ११ कोटी ६० लाख डॉलर उभे केले आणि १ लाख ३२ हजार अनाथ मुले सांभाळली. हे सर्व मॉर्गेंथाऊंचे एकट्याचे कर्तृत्व अर्थातच नव्हे. ते १९१६ च्या सुरुवातीलाच कॉन्स्टँटिनोपल सोडून गेले होते. संहार थांबवता न आल्यामुळे ती जागा आपल्याला असह्य झाली, असे त्यांनी पुढे लिहिले आहे, आणि विल्सन यांच्या दुसऱ्या निवडणुकीचेही काम समोर होतेच.

पुढची दोन प्रकरणे त्यांच्या चाहत्यांना फारशी आवडत नाहीत. पण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांत आहे. १९१७ मध्ये त्यांनी असा विचार मांडला की, आपली तुर्की नेत्यांशी ओळख आहे, तेव्हा ऑटोमन साम्राज्याला जर्मनीपासून फोडून वेगळा तह घडवून आणता येईल. त्यांना गुप्तपणे पाठवण्यात आले. सोबत पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले फेलिक्स फ्रँकफर्टर होते. ब्रिटनने झायोनिस्ट नेते खाईम वाइझमन यांना जिब्राल्टरला पाठवले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मॉर्गेंथाऊंची समजूत घालून तो बेत तेथेच गुंडाळायला लावला. भेटलेल्या प्रत्येक माणसाशी सौदा होऊ शकतो, हा यशस्वी व्यापाऱ्याचा आत्मविश्वास येथे पूर्ण तोंडघशी पडला. कोणत्या अटींवर, कोणाच्या अधिकाराने आणि कोणाशी बोलायचे, याचे स्पष्ट उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. १९१९ मध्ये ते पोलंडमधील ज्यूंवरील हल्ल्यांच्या चौकशी आयोगाचे प्रमुख होते. त्यांच्या अहवालात आठ प्रमुख घटनांत सुमारे २८० ज्यू मारले गेल्याचे नोंदवले गेले, पण पोलंडच्या नव्या सरकारवर थेट ठपका ठेवण्याचे टाळले गेले. त्यावर अनेक ज्यू संघटना नाराज झाल्या, पोलिश राष्ट्रवादी तर झालेच, आणि आयोगातील त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वेगळा अहवाल दिला. दोन्ही पक्षांना थोडेथोडे देऊन मिटवण्याची सवय जमिनीच्या व्यवहारात शोभते. चौकशीच्या कामात ती घातक ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वात मोठे काम वयाच्या ६७ व्या वर्षी सुरू झाले आणि त्याविषयी सर्वात कमी लिहिले जाते. सप्टेंबर १९२२ मध्ये ग्रीस-तुर्कस्तान युद्धाच्या शेवटी स्मिर्ना शहर (आजचे इझमीर) जळाले आणि आशिया मायनरमधील ग्रीक लोक बोटीबोटींनी ग्रीसमध्ये येऊ लागले. जानेवारी १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. सुमारे पन्नास लाख लोकवस्तीच्या दमलेल्या, कर्जबाजारी देशात बारा लाखांहून अधिक निर्वासित आले. अथेन्सच्या नाट्यगृहात मखमलीने मढवलेल्या एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब राहत होते, हे मॉर्गेंथाऊंनी स्वतः पाहून नोंदवले आहे. नाटक पाहायला चारसहा माणसे बसतील एवढ्या त्या जागेत चूल, अंथरूण, संसार सगळे मांडलेले होते. अमेरिकन रेड क्रॉसने जून १९२३ अखेर अन्नवाटप थांबवले होते.

राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) सप्टेंबर १९२३ च्या करारान्वये 'निर्वासित वसाहत आयोग' स्थापन केला आणि अध्यक्ष म्हणून मॉर्गेंथाऊ नोव्हेंबरमध्ये अथेन्सला आले. त्यांचे उपाध्यक्ष जॉन कँपबेल हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये काम केलेले अधिकारी होते. भारतातील महसुली प्रशासनाची शिस्त या कामात आली ती या वाटेने. करारातील एक कलम माझ्या मते पुनर्वसनाच्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाचे कलम आहे : आयोगाचा पैसा तात्पुरत्या मदतीवर किंवा धर्मादाय कामावर खर्च करता येणार नव्हता, तो निर्वासितांना कायमच्या उत्पादक कामावर बसवण्यासाठीच वापरायचा होता. ग्रीक सरकारने किमान पाच लाख हेक्टर जमीन द्यायची, आणि आयोगाने त्यावर घरे, बैल, नांगर, बियाणे पुरवायचे. निर्वासिताने ते कर्जाऊ घ्यायचे आणि हप्त्यांनी फेडायचे. वरवर पाहता हे कलम निष्ठुर वाटते. पण भुकेल्याला आज जेवू घालण्याचा दबाव इतका जबरदस्त असतो की, अशी भिंत घातल्याशिवाय पुढच्या हंगामाचे बियाणे कधीच शिल्लक राहत नाही. हा अनुभव मदतकार्यात मुरलेल्या प्रत्येकाला आहे.

आता प्रश्न भांडवलाचा. ग्रीसमध्ये त्या काळात राजा देशाबाहेर गेला, माजी पंतप्रधान व्हेनिझेलॉस परतले आणि पुन्हा निघून गेले, एप्रिल १९२४ मध्ये सार्वमताने प्रजासत्ताकावर शिक्कामोर्तब झाले. अशा देशाला कर्ज कोण देणार? मॉर्गेंथाऊंनी लंडनला जाऊन बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर माँटेग्यू नॉर्मन यांच्याशी बोलणी केली आणि मोठे कर्ज उभे राहीपर्यंत आगाऊ रक्कम मिळवली. डिसेंबर १९२४ मध्ये लंडन, न्यूयॉर्क आणि अथेन्स येथे मिळून १ कोटी २३ लाख पौंडांचे रोखे सात टक्के व्याजाने विक्रीला निघाले. शंभराचा रोखा अठ्ठ्याऐंशीला विकल्यामुळे, आणि खर्च वजा जाता, हातात आले ते सुमारे एक कोटी पौंड. १८९८ पासून अथेन्समध्ये असलेल्या आंतरराष्ट्रीय वित्त आयोगाच्या ताब्यातील महसूल तारण ठेवला गेला. अथेन्सच्या नाट्यगृहातील कुटुंबाला कोणत्याही दात्याने दिला नसता एवढा पैसा गुंतवणूकदारांनी दिला, कारण परतफेड होईल अशी रचना त्यांच्यापुढे ठेवली गेली. हे काम धंद्यातला माणूसच करू शकला असता, असे मला वाटते. माळरानाची किंमत रस्ता, पाणी आणि वस्ती आल्यावर काय होईल हे ज्याने न्यूयॉर्कमध्ये अनुभवले होते, त्याला मॅसेडोनियाच्या ओसाड जमिनीवर कर्ज उभारता येईल हे दिसले.

मॉर्गेंथाऊ वर्षभरातच या पदावरून निघाले. आयोग १९३० पर्यंत चालला आणि दीड लाखाच्या जवळपास कुटुंबे शेतीवर बसवली गेली, त्यांतली बहुसंख्य मॅसेडोनिया व थ्रेसमध्ये. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मॅसेडोनियाच्या दलदलीत मलेरियाने पहिल्या काही वर्षांत असंख्य वसाहतकऱ्यांचे बळी घेतले. शहरांतील निर्वासितांकडे तुलनेने कमी पैसा गेला आणि त्यांच्या झोपडवस्त्या पुढची कित्येक वर्षे तशाच राहिल्या. सात टक्क्यांचे, प्रत्यक्षात आठ टक्क्यांच्या पुढचे ते कर्ज ग्रीसच्या गळ्यात पडले आणि १९३२ मध्ये देशाने परकीय कर्जफेड थांबवली. या मुद्द्यांवर ग्रीक अभ्यासकांनी केलेली टीका मला योग्य वाटते. मात्र पर्यायी भांडवल त्या वेळी कोठून आले असते, याचे समाधानकारक उत्तर त्या टीकेत मला सापडलेले नाही.

आपण दानशूर हा शब्द वापरला आहे म्हणून एक खुलासा. मॉर्गेंथाऊंनी स्वतःचा पैसा दिला, पण कार्नेगी किंवा रॉकफेलर यांच्या तोडीचे दान त्यांचे नव्हते. इतरांना द्यायला लावणे, आणि दिलेला पैसा वाया जाणार नाही याची हमी आपल्या नावावर घेणे, हे त्यांचे दान. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये नव्वदाव्या वर्षी ते वारले.

पुढे वाचायचे असेल, तर त्यांच्या १९१८ च्या राजदूतपदाच्या आठवणींपासून सुरुवात करू नये. त्या महायुद्ध चालू असताना, पत्रकार बर्टन हेंड्रिक यांच्या मदतीने, अमेरिकी जनमत घडवण्यासाठी लिहिल्या गेल्या आहेत. त्यांतील संवाद रंगवलेले आहेत, जर्मनीवरचा रोष जागोजागी डोकावतो आणि तुर्कांविषयीची सरसकट विधाने आज वाचवत नाहीत. टीकाकार नेमके तेच पकडतात. आधी १९१५ च्या तारा आणि कॉन्सलांचे अहवाल वाचावेत. ते त्या त्या दिवशी, वरिष्ठांना कळवण्यासाठी लिहिलेले आहेत आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या छापील कागदपत्रांत मिळतात. मग त्यांची दैनंदिनी, आणि आठवणींचे पुस्तक सगळ्यात शेवटी. ग्रीसच्या कामासाठी वसाहत आयोगाने राष्ट्रसंघाला दिलेले तिमाही अहवाल पाहावेत. किती घरे, किती बैलजोड्या, किती बियाणे, सगळे त्यांत मांडलेले आहे.